जाऊबाईंच्या मुलीचं औषध

«डॉक्टरबाई, नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा, वजन २१ किलो. आज तापाचा अकरावा दिवस. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घसा लाल आहे म्हणून ॲझिथ्रोमायसिन दिलं, रोज २०० मिलिग्रॅम, तीन दिवस. ताप जरा कमी झाल्यासारखा वाटला आणि परत चढला. सातव्या दिवशी विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी केली, पॉझिटिव्ह आली. आठव्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायला, रक्त घेतलं आणि सेफिक्झिम सुरू केलं. आज चौथा दिवस, संध्याकाळी ताप १०३ च्या घरात असतो. दोनदा औषध उलटून पडलं. खात काही नाही, नुसता पडून असतो, पोट फुगल्यासारखं वाटतं. आज कल्चरचा रिपोर्ट आला, टायफॉइडच आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‹आर› लिहिलंय, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, ॲझिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल या सगळ्यांपुढे ‹एस›, म्हणजे ही चालतील. डॉक्टर म्हणतात ॲडमिट करा, सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं देऊ. सेफिक्झिमपुढे ‹एस› आहे तर मग ते लागू का पडत नाही? डोंबिवलीच्या माझ्या जाऊबाईंच्या मुलीला गेल्याच महिन्यात टायफॉइड झाला, नुसत्या ॲझिथ्रोमायसिनने पाचव्या दिवशी खडखडीत बरी. ह्यांचं म्हणणं, एकदाच काय ते भारी औषध द्या. शेजारच्या काकू म्हणतात, पूर्वी सिप्रोने दोन दिवसांत ताप जायचा. यातलं सर्वांत चांगलं औषध कुठलं? आमचं काही चुकलं का? — एक आई, भांडुप»

ताई, तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं: आजच ॲडमिट करा, सकाळची वाट पाहू नका. सदर छापून येईपर्यंत मुलाचा ताप थांबत नसतो. तुम्ही लगेच नेलंत, इंजेक्शनच्या पाचव्या दिवशी ताप उतरला, शेवटची काही इंजेक्शनं रोज जाऊन घेतलीत आणि आता तो घरी आहे, हे परवा कळवलंत. बरं वाटलं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मात्र राहून गेली, आणि ती तुमच्यापुरतीच नाहीत. पावसाळा लागला की माझ्या टपालात दर आठवड्याला एक तरी जाऊबाई येतात.

‹एस› असूनही सेफिक्झिम का चाललं नाही, हा तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न. आधी तोच घेते.

रिपोर्टमधला ‹एस› प्रयोगशाळेतल्या बशीत लिहिलेला असतो. तिथे जंतू उघडे पडलेले असतात आणि औषध थेट त्यांच्या अंगावर घातलेलं असतं. मुलाच्या अंगात तसं नसतं. टायफॉइडचे जंतू आतड्यातून शिरतात आणि आपल्याच संरक्षक पेशींच्या पोटात, यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात दडी मारून बसतात. रक्तात सापडतात ते थोडे, बाहेर फिरायला आलेले. तोंडाने दिलेल्या सेफिक्झिमपैकी जेमतेम निम्मं रक्तात पोचतं, आणि ज्या पेशींत जंतू लपलेत त्यांच्या आत तर फारच थोडं. त्यात तुमच्या लेकाने दोन डोस उलटून टाकले. म्हणजे चार दिवस औषध सुरू होतं असं आपण म्हणतो, पण पोटात किती गेलं आणि राहिलं किती, हे कुणी मोजलंय?

सेफ्ट्रियाक्सोन त्याच घराण्यातलं, सेफिक्झिमचं थोरलं भावंड म्हणा. पण ते शिरेतून जातं, सगळंच्या सगळं रक्तात उतरतं आणि बराच वेळ टिकतं. म्हणून दिवसातून एकदा दिलं तरी भागतं. उलटी झाली तरी ते कुठे जात नाही. तेव्हा डॉक्टरांनी औषधाचं घराणं बदललं नाही, वाट बदलली, आणि ते बरोबरच केलं.

चौथ्या दिवशी ताप आहे म्हणून त्यांनी ॲडमिट करायला सांगितलं, असं तुम्ही समजलात. मला तसं वाटत नाही. चौथ्या दिवशी ताप असणं हे टायफॉइडमध्ये औषध हरल्याचं लक्षणच नाही. योग्य औषध योग्य मात्रेत सुरू झालं तरी ताप पूर्ण जायला साधारण चार ते सात दिवस लागतात. तो एकदम उतरतही नाही. आज १०३, उद्या १०२, परवा सकाळी नॉर्मल आणि संध्याकाळी १०१, असा जिना उतरल्यासारखा येतो. माझी आजी याला मुदतीचा ताप म्हणायची. औषधं नव्हती तेव्हा तो तीन-चार आठवड्यांची मुदत घेऊन यायचा आणि १०० रुग्णांपैकी १० ते २० जणांना घेऊन जायचा. आता मुदत कमी झाली, पण मुदत आहेच. जो मुलगा पाणी पितो, थोडं खातो, ताप उतरला की तासभर खेळतो, त्याच्या बाबतीत मी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तेच औषध चालू ठेवायला सांगितलं असतं. तुमचा मुलगा उलट्या करत होता, गळून पडला होता, पोट फुगलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुगलेलं पोट पाहिलं की टायफॉइड पाहिलेल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात आतड्याचा विचार येतो. आतड्यातून रक्तस्राव होणं किंवा आतड्याला भोक पडणं हे याच काळात घडतं. म्हणून ॲडमिट.

आता जाऊबाईंची मुलगी.

ती बरी झाली यात नवल नाही. ॲझिथ्रोमायसिन हे टायफॉइडचं उत्तम औषध आहे, आणि मला विचाराल तर घरी ठेवण्याजोग्या मुलासाठी आपल्याकडे आज तेच माझ्या पहिल्या पसंतीचं. रक्तात ते फारसं दिसत नाही, पण पेशींच्या आत, नेमकं जिथे जंतू लपलेत तिथे, कित्येक पटींनी साठतं. ईजिप्तमध्ये मुलांवर झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात याच दोन औषधांची समोरासमोर गाठ घातली होती. एका गटाला पाच दिवस तोंडाने ॲझिथ्रोमायसिन, दुसऱ्याला पाच दिवस सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन. कल्चरने टायफॉइड पक्का झालेल्यांपैकी पहिल्या गटात ३२ पैकी ३० बरे झाले, दुसऱ्यात ३६ पैकी ३५. म्हणजे जवळजवळ बरोबरी. ताप इंजेक्शनवाल्यांचा सुमारे एक दिवस आधी उतरला. गंमत पुढे आहे. नंतरच्या काही आठवड्यांत इंजेक्शनवाल्या सहा मुलांना टायफॉइड उलटला. ॲझिथ्रोमायसिनवाल्या एकालाही नाही.

म्हणजे जे औषध लवकर ताप उतरवतं तेच जास्त मुळापासून काढतं असं नाही. आपण घरात थर्मामीटर धरून औषधांची शर्यत लावतो. त्या शर्यतीत पहिलं आलेलं औषध पुढच्या महिन्यात कदाचित हरलेलं असतं. त्या अभ्यासात सेफ्ट्रियाक्सोन पाचच दिवस दिलं होतं, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. आता ते १० दिवस किंवा त्याहून जास्त देतात ते याचसाठी. तुमच्या डॉक्टरांनी ताप गेल्यावरही इंजेक्शनं थांबवली नाहीत, तेव्हा तुम्हाला ‹हे बिल वाढवतायत का› अशी शंका आली असेल, तर ती काढून टाका.

मग तुमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी ॲझिथ्रोमायसिन दिलं होतं, ते का हरलं? ते हरलं नाही, कारण टायफॉइडशी लढायला ते उतरलंच नव्हतं. रोज २०० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाला किलोमागे १० मिलिग्रॅमही नाही, आणि तेही तीन दिवस. घशासाठी असा डोस देतात. टायफॉइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या अँटिबायोटिक पुस्तकात किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सात दिवस असं दिलंय. जाऊबाईंच्या मुलीला हा डोस मिळाला असणार. एकाच बाटलीवरचं नाव वाचून दोघींनी तुलना केलीत. आत किती आणि किती दिवस, हे कुणी बघितलं नाही. (हे आकडे तुम्हाला रिपोर्ट आणि चिठ्ठी समजावी म्हणून देतेय. कुणीही त्यावरून घरी सिरप मोजू नका. वजन, आजाराचा जोर, दुसरी औषधं, हृदयाचा काही त्रास, हे बघून ठरवायचं काम डॉक्टरांचं.)

त्या नेहमीच्या डॉक्टरांवर मला राग नाही, पण तक्रार आहे. मुंबईत तापाच्या तिसऱ्या दिवशी बहुतेक मुलांच्या पोटात एखादं अँटिबायोटिक गेलेलं असतंच. त्यातले बहुसंख्य ताप विषाणूंचे असतात आणि आपोआप जातात. श्रेय औषधाला मिळतं. जो उरतो तो टायफॉइड असला तर अर्धवट औषधाने त्याचं कल्चर बिघडतं. आधीच रक्ताच्या कल्चरमध्ये १०० खऱ्या टायफॉइडपैकी साधारण ५०-६० सापडतात. आधी अँटिबायोटिक गेलं असेल तर त्याहून कमी. तुमचं कल्चर आलं हे तुमचं नशीब, आणि सेफिक्झिमच्या पहिल्या डोसआधी रक्त घेणाऱ्या त्या बालरोगतज्ज्ञांची शिस्त. विडालबद्दल एकच बोलते: १८९६ मध्ये पॅरिसच्या विडाल साहेबांनी शोधली तेव्हा ती मोठी गोष्ट होती. आपल्याकडे पाणीच असं आहे की निरोगी माणसाचीही ती कधी पॉझिटिव्ह येते, आणि बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने येत राहते. तेव्हा ‹आता निगेटिव्ह झाली का बघू› म्हणून परत करू नका. पैसे जातील आणि झोपही.

सेफिक्झिमबद्दल माझं मत थोडं कडू आहे, आणि माझे काही सहकारी ते वाचून फोन करतील. आपल्याकडे टायफॉइड म्हटलं की हात आपोआप सेफिक्झिमकडे जातो. सिरप चवीला बरं, सहज मिळतं, वापरून सवय झालेली. पण ॲझिथ्रोमायसिन, सेफ्ट्रियाक्सोन आणि हे, या तिघांत पुराव्याच्या दृष्टीने तेच लंगडं. नेपाळमधला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सेफिक्झिमची तुलना दुसऱ्या एका औषधाशी केली होती आणि सेफिक्झिमवाले रुग्ण इतके मागे पडले की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तिथे ते सात दिवस दिलं होतं, आपण १४ दिवस देतो, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे चिकटवता येत नाही. अनेक मुलं सेफिक्झिमने बरी होतात, मीही केली आहेत. पण ते द्यायचं तर पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस. ताप गेल्यावर सातव्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये मागे सरकवायची, असं करून चालत नाही.

आता काकू आणि त्यांचं सिप्रो. काकूंची आठवण खोटी नाही, जुनी आहे. मी १९९० च्या आसपास पालिकेच्या एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हा टायफॉइडचं रामबाण. १९४८ मध्ये मलायात पहिल्यांदा टायफॉइडच्या रुग्णांना दिलं गेलं आणि त्याने चित्रच पालटलं. आमच्या सरांनी त्यावर पूर्ण हयात काढली होती. त्या एका पावसाळ्यात वॉर्डात मुलंमागून मुलं अशी येऊ लागली की क्लोरॅम्फेनिकॉल द्या, ॲम्पिसिलिन द्या, कोट्रायमोक्साझोल द्या, ताप जागचा हलेना. दहाव्या दिवशी आम्ही बेडशेजारी उभे राहून एकमेकांकडे बघत असू. सिप्रोफ्लॉक्सासिन बाजारात नवं होतं, महाग होतं, आणि प्राण्यांच्या पिल्लांच्या सांध्यांतल्या कूर्चेला ते इजा करतं असं प्रयोगांत दिसल्यामुळे लहान मुलांना द्यायला सगळे कचरत. शेवटी सरांनीच एका पोरीला लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पाव मागितला. त्या दिवशी वॉर्डात सणासारखं वातावरण होतं. काकूंच्या डोक्यात बसलंय ते हेच सिप्रो.

पुढे काय झालं ते तुमच्या रिपोर्टमधल्या ‹आर› अक्षरात आहे. सर्दीला सिप्रो, जुलाबाला सिप्रो, दाढ दुखली तरी सिप्रो. दहा-पंधरा वर्षांत जंतूंनी त्याची सवय करून घेतली. आज भारतात सापडणाऱ्या टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर ते नीट चालत नाही. सांध्यांची भीती पुढे बरीच ओसरली, औषधच बोथट झालं. ऑफ्लॉक्सासिन हे त्याचंच चुलत भावंड. केमिस्टने ‹टायफॉइडला चालतं› म्हणून हातात ठेवलं तर घेऊ नका.

आणि एक उलटी गंमत तुमच्या रिपोर्टमध्ये आहे, ती तुमच्या लक्षात आली नसेल. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल तिन्हींपुढे ‹एस›! ज्या औषधांनी आमच्या वॉर्डात हात टेकले तीच. तीस वर्षं आपण ती टायफॉइडला जवळपास वापरलीच नाहीत, तेव्हा जंतूंनाही त्यांच्याविरुद्धचं सामान बाळगायची गरज उरली नाही. मग तीच स्वस्त औषधं परत का देत नाहीत? क्लोरॅम्फेनिकॉल दिवसातून चार वेळा, दोन आठवडे द्यावं लागतं. हाडांच्या मगजावर क्वचित पण जीवघेणा परिणाम होऊ शकतो. त्यावर बरे झालेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाणही बरंच असायचं. हाताशी त्याहून बरं असताना ते कुणी निवडणार नाही. पण कोट्रायमोक्साझोलसारखं औषध उद्या पुन्हा कामाला येऊ शकतं, म्हणून ती ओळ रिपोर्टवर असणं मला आवडतं.

तुमच्या ह्यांना ‹भारी औषध› हवं होतं. त्यांना पाकिस्तानातल्या हैदराबादची गोष्ट सांगा. सिंधमधल्या त्या शहरात २०१६ च्या अखेरीस टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल, सिप्रो आणि वर सेफ्ट्रियाक्सोन, पाचही निकामी. तोंडाने द्यायला उरलं एकटं ॲझिथ्रोमायसिन, आणि शिरेतून मेरोपेनेमसारखं राखीव औषध. आपल्या मुंबईतही सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू काही रुग्णांत सापडल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. अजून ते थोडे आहेत. थोडेच राहावेत असं वाटत असेल तर भारी औषध भारी प्रसंगासाठीच कपाटात राहिलं पाहिजे. दोन अँटिबायोटिकं एकत्र देण्याबद्दलही हेच. साध्या टायफॉइडला एक पुरतं. ॲझिथ्रो आणि सेफिक्झिम दोन्ही हातात देऊन ‹डबल कव्हर› म्हणणाऱ्याला जरूर विचारा, का म्हणून. कधी कधी कारण असतं: सेफ्ट्रियाक्सोन सुरू असताना सातव्या दिवशीही ताप तसाच राहिला, तर दुसरं औषध जोडण्याचा किंवा बदलण्याचा विचार करतात, आणि त्याआधी कुठे पू साचलाय का, ताप दुसऱ्याच कशाचा आहे का, हे बघतात. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया टायफॉइडच्या जोडीने येणार नाहीत असा काही नियम नाही.

तुम्ही विचारलंत, आमचं काही चुकलं का. मधे दोन डोस उलटले, ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवं होतं. डोस दिल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर तो पुन्हा द्यायचा की नाही, हे फोनवर एका मिनिटात कळतं. तेवढंच. बाकी तुम्ही पत्रात दिवस, तापमान, औषधाचं नाव, सगळं ओळीने लिहिलं होतंत. असं लिहून आणणाऱ्या आया मला तीस वर्षांत फार थोड्या भेटल्या.

आता घरी आलाय तर काय बघायचं. इंजेक्शनच्या काळात पोटाची सोनोग्राफी झाली असेल आणि पित्ताशयात खड्यांसारखं काही दिसलं असेल तर घाबरू नका. सेफ्ट्रियाक्सोनमुळे तसं दिसू शकतं आणि औषध थांबल्यावर बहुतेकदा आपोआप जातं. पुढचे तीन-चार आठवडे ताप परत आला तर ‹हवा बदलली असेल› म्हणून अंगावर काढू नका, घरात उरलेलं सिरपही देऊ नका. थेट त्याच बालरोगतज्ज्ञांकडे, आणि औषधाआधी पुन्हा कल्चर. पोटात अचानक जोराची कळ, पोट लाकडासारखं कडक, काळी किंवा रक्ताची शी, असंबद्ध बडबड, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय. हे तुमच्यापेक्षा ज्यांचं मूल आज तापात आहे त्यांच्यासाठी जास्त. खासगी रुग्णालय झेपत नसेल तर परळचं वाडिया, केईएम, सायन किंवा साथीच्या आजारांसाठीच असलेलं चिंचपोकळीजवळचं कस्तुरबा आहे. सेफ्ट्रियाक्सोन सगळीकडे तेच.

खायला काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाईंनी त्याला पेजेवर ठेवलं असेल याची मला खात्री आहे. तापात पेज उत्तम. आता मात्र मऊ वरणभात, तूप, अंडं, केळं, दही, आणि घरात मासे होत असतील तर सुरमईचा काटे काढलेला तुकडाही चालेल. उपाशी ठेवून टायफॉइड बरा होत नाही, मूल वाळतं. शी-लघवीनंतर साबणाने हात धुवायची सवय मात्र कडक लावा. बरं झाल्यावरही काही दिवस शीमधून जंतू जात राहू शकतात. घरात स्वयंपाक तुम्ही करता आणि त्याचं सगळं करणाऱ्याही तुम्हीच, म्हणून तुमचे हात त्याच्याइतकेच महत्त्वाचे.

पाण्याचं काय सांगू? मुंबईचं पाणी जिथे शुद्ध होतं ते मोठं केंद्र तुमच्या भांडुपातच आहे. तिथून निघतं तेव्हा ते चांगलं असतं. पण आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद असताना वाहिनीतला दाब जातो, आणि जुनी वाहिनी कुठे गटाराशेजारून जात असेल आणि तिला बारीकशी भेग असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिलं पाणी तेच. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, पिण्याचं उकळून घ्या, आणि सोसायटीची टाकी शेवटची कधी साफ केली हे सेक्रेटरींना विचारा. ते तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. बघू दे.

धाकटी मुलगी आहे असं तुम्ही परवाच्या निरोपात लिहिलंत. तिला टायफॉइडची नवी संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस द्या. ही लस सहा महिन्यांच्या बाळालाही चालते, एकच टोचणी पुरते. नेपाळमधल्या मोठ्या चाचणीत तिने कल्चरने पक्क्या झालेल्या टायफॉइडपासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं. आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत २०१८ साली तिथल्या महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती मोहीम काढून टोचली. सरकारी पातळीवर ही लस वापरण्याची जगातली ती पहिली वेळ होती, आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही. एकदा टायफॉइड झाला म्हणजे तो पुन्हा होत नाही असं नसतं, त्यामुळे लेकालाही बरं झाल्यावर महिना-दीड महिन्याने ती द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. पॅराटायफॉइड नावाचा याचाच भाऊ मात्र या लसीला मोजत नाही. त्यासाठी पुन्हा पाणी आणि हात.

परवाच्या निरोपाच्या ता. क. मध्ये तुम्ही लिहिलंत की तो पाणीपुरी मागतोय आणि रडून घर डोक्यावर घेतोय. पुऱ्या विकतच्या चालतील. पाणी घरी, उकळून गार केलेलं, पुदिना-कोथिंबीर स्वच्छ धुऊन, रगडा गरम, तिखट बेताने. पहिल्या आठवड्यात चार पुऱ्या. पाचवी मागेल. देऊ नका.